शब्दचर्चा: 'ले-ऑफ', 'कपात', 'नारळ' आणि गेटवरचा भरतीचा बोर्ड

खेर्डीकर: कोकणातली कुठलीही औद्योगिक वसाहत घ्या, लोटे-परशुराम असो, खेर्डी असो की महाड, तक्रार एकच असते: "जुन्यांना काढतायत, आणि गेटवर भरतीचा बोर्ड." बातमीत त्याला ले-ऑफ म्हणतात, कंपनीच्या पत्रात 'मनुष्यबळाचे सुसूत्रीकरण' असतं, आणि घरी म्हणतात 'नारळ दिला'. कुठला शब्द कुठे वापरावा? आणि काढलेल्या माणसाच्या मनात जे होतं त्याला 'वैफल्य'च म्हणायचं का?

कारकून: ले-ऑफचा घोळ आधी निस्तरू. आपल्या कायद्यात ले-ऑफ झाला म्हणून नोकरी जात नाही. वीज नाही, कच्चा माल नाही, यंत्र मोडलं, माल साठून राहिला, म्हणून तेवढ्यापुरतं काम देता येत नाही, तो ले-ऑफ. नाव हजेरीपटावर राहतं. कारखाना बारमाही असेल, 50 किंवा जास्त कामगार असतील आणि वर्षाची सलग नोकरी झाली असेल, तर मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून त्याच्या 50 टक्के भरपाई मिळते. कायमचं काढणं म्हणजे रिट्रेंचमेंट, मराठीत कामगार कपात.

वर्तमानपत्रांनी अमेरिकी अर्थ उचलला. जानेवारी 2023 मध्ये गूगलने 12,000 आणि मायक्रोसॉफ्टने 10,000 जागा कमी करत असल्याचं जाहीर केलं. मायक्रोसॉफ्टने तर त्याच पत्रात महत्त्वाच्या विभागांत भरती चालूच राहील असंही लिहिलं. मराठीत ही नोकरकपातच. तिला 'ले-ऑफ' म्हटलं की इथला कामगार समजतो, चार दिवसांनी बोलावतील.

तिठा: 'सुसूत्रीकरण' या शब्दात माणूसच दिसत नाही, म्हणूनच तो वापरतात. 'छाटणी'ही साळसूद शब्द आहे. आंब्याच्या कलमाची छाटणी नवी पालवी फुटावी म्हणून होते. भरती चालू असताना कंपनीला नेमका तोच अर्थ हवा असतो, फक्त तुटून पडलेल्या फांदीला कोणी विचारत नाही. माझं मत 'कपात'ला.

हिशेबनीस: शब्द आवडीने निवडायची चैन इथे नाही, पत्रात कुठलं क्रियापद आहे त्यावर पैसे ठरतात. 'सेवा समाप्त करण्यात येत आहे' आणि 'मी स्वखुशीने राजीनामा देत आहे' यांत लाखभराचा फरक पडतो. औद्योगिक पट्ट्यात 'राजीनामा घेतला' असं सर्रास म्हणतात. राजीनामा देतात, घेत नाहीत. पण व्याकरण चुकलं तरी वस्तुस्थिती तीच सांगते.

कपात असेल तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय दर वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार. शेवटचा तुकडा सहा महिन्यांवर असेल तर तो पूर्ण वर्ष धरायचा. म्हणजे 7 वर्षं 8 महिने ही 8 वर्षं. आता गंमत बघा. ग्रॅच्युइटीतही '15 दिवस'च आहेत, पण तिथे महिना 26 दिवसांचा धरतात. कपातीच्या भरपाईत 15 दिवस म्हणजे सरळ निम्मा पगार, हे सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये स्पष्ट केलं. हिशेबाला पगार 26,000 धरा, वर्षं 8:

कपातीची भरपाई 13,000 × 8 = 1,04,000
ग्रॅच्युइटी 15,000 × 8 = 1,20,000

दोन्ही वेगवेगळ्या मिळतात. राजीनाम्यावर सही केली की वरची ओळ पुसली जाते, ग्रॅच्युइटी तेवढी उरते. आणि दुसरी गोष्टही जाते, तीच या धाग्याचा मुद्दा आहे: कंपनीने पुन्हा भरती काढली तर कपात झालेल्यांना आधी विचारावं लागतं. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात या हक्काला मुदत नव्हती. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत कपातीपासून एक वर्ष, एवढीच आहे. म्हणून बोर्ड दिसला की फोटो काढा, तारखेसकट.

कारकून: बोर्ड कुणाचा ते आधी वाचा. बऱ्याचदा तो ठेकेदाराचा असतो. 'कंपनीच्या रोलवर' आणि 'ठेकेदाराकडे' यातला भेद आपल्याकडे पोराटोरांनाही कळतो. कंपनी म्हणते, भरती आम्ही केलेलीच नाही. काम तेच, यंत्र तेच, पाळी तीच, हे दाखवावं लागतं आणि तिथेच प्रकरण रेंगाळतं. ठरावीक मुदतीचा करार संपून माणूस गेला, तर नव्या संहितेप्रमाणे ती कपातच नाही.

माड: 'ब्रेक' राहिला. 'ब्रेक दिला' म्हणजे वर्षात 240 दिवस भरायच्या आत नाव कापणं, कारण तेवढे भरले की सलग सेवेचं एक वर्ष धरलं जातं. 'बदली'ही घ्या. सरकारी नोकराची बदली म्हणजे दुसऱ्या गावी जाणं. गिरणीतल्या चाकरमान्याची बदली म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी उभं राहणं. जुन्या मुंबईकरांच्या घरात दुसराच अर्थ आधी आठवतो.

'नारळ देणे'त मात्र टोचणी आहे. निवृत्तीला शाल-श्रीफळ, आणि काढून टाकलं तरी नारळच.

तिठा: मूळ प्रश्नातलं वैफल्य राहूनच गेलं. वैफल्य प्रयत्न फसल्यावर येतं. इथे काम नीट केलेलं असतं, म्हणून तो शब्द बसत नाही. 'चडफड' बसतो: राग आहे, पण कुणावर काढायचा ते कळत नाही. उरलेल्यांची ती 'धुसफूस', कारण पुढचा नंबर कुणाचा हे कोणी सांगत नाही. आणि गाऱ्हाणं? कोकणात देवळात गाऱ्हाणं एक जण घालतो, बाकीचे "व्हय म्हाराजा" म्हणतात. कंपनीत मात्र "व्हय म्हाराजा"वाले सहीच्या वेळी गायब.

कारकून: गाऱ्हाण्याला कागदावर जागा आहे. 20 किंवा जास्त कामगार असतील तिथे तक्रार निवारण समिती असावी लागते. मोघम गाऱ्हाणं तिथे चालत नाही. तारीख, पाळी, विभाग आणि कुणाला घेतलं ते लिहा, पोच घ्या.

हिशेबनीस: आणि पत्ता. पुन्हा बोलावण्याचं पत्र नोंदवलेल्या पत्त्यावर जातं. मुंबईची भाड्याची खोली नोंदवलेली असेल आणि माणूस गावी परतला असेल, तर पत्र खोलीवरून परत फिरतं आणि कंपनीच्या फायलीत 'प्रतिसाद नाही' अशी नोंद होते. पत्ता लेखी बदला: वाडी, पोस्ट, तालुका, पिनकोडसकट. नुसतं 'खालची वाडी' चालत नाही, प्रत्येक गावाला एक खालची वाडी असते.