सिकलसेलची तपासणी लग्नाआधी सक्तीची करावी का?

येऊरवासी:
आमच्याकडे ठाण्यातल्या येऊरच्या आदिवासी पाड्यांवर आता सोयरीक जुळवताना मुलीचं सिकलसेलचं, म्हणजे आईबापांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराच्या तपासणीचं कार्ड मागतात. मुलाचं कुणी विचारत नाही. एका मुलीचं ठरत आलेलं लग्न कार्डावरच्या 'एएस' या दोन अक्षरांवरून मोडलं. मुलाची तर तपासणीच झाली नव्हती. आता ती कायद्यानेच सक्तीची करा, असं काही कार्यकर्ते म्हणू लागलेत. माझा ठाम विरोध आहे.

एएस म्हणजे वाहक, आजारी नव्हे. रक्तातल्या हिमोग्लोबिन या प्रथिनाच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिड या अमिनो ॲसिडऐवजी व्हॅलिन येतं, आणि वाहकाला हा बदल आईबापांपैकी एकाकडूनच मिळालेला असतो. अशा मुलांना फॅल्सिपेरम हा मलेरियाचा सर्वांत घातक प्रकार जिवावर बेतण्याचा धोका बराच कमी असतो. १९५४ मध्ये ॲन्थनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून हे मांडलं. जिथे मलेरियाने पोरं दगावत होती, तिथेच हा बदल पिढ्यान्‌पिढ्या टिकला. ज्याने आजे-पणजे तगले, त्याच्यापायी आज पोरीला नाकारायचं?

शहापूरकर:
ताई, मलेरियाचं कौतुक वाहकापुरतं. माझ्या भाच्याला दोन्हीकडून आलंय, तो एसएस, म्हणजे आजारीच. तान्हा होता तेव्हा हातापायाची बोटं टम्म सुजायची. आता थंडी पडली की पाठ आणि मांड्या धरतात, रात्रभर ओरडतो. त्याला मलेरिया झाला तर उलट जास्त घातक. आईबाप दोघंही वाहक असले की प्रत्येक बाळंतपणात चारात एक ही शक्यता. माझ्या बहिणीला लग्नाआधी कुणी सांगितलं नाही.

सायप्रसमध्ये थॅलेसेमिया या अशाच आईबापांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजारासाठी चर्चनेच लग्नाआधी दाखला बंधनकारक केला. त्यावर निकाल नसतो, तपासणी आणि समुपदेशन झालं एवढंच लिहिलेलं असतं. बहुतेक जोडप्यांनी लग्नं केलीच, आणि आजारी मुलं जन्मणं जवळपास थांबलं. अशी सक्ती का नको?

येऊरवासी:
दादा, तिथे गर्भाच्या तपासणीची सोय हाताशी होती, म्हणून आजारी मुलं जन्मणं थांबलं; नुसत्या दाखल्याने नव्हे. ग्रीसमधल्या ऑर्कोमेनोसचंही बघा. तिथे सिकलसेलच्या तपासणीनंतर वाहकांवर शिक्का बसला, काहींनी लग्न ठरवताना ते लपवलं. आपल्याकडे तो शिक्का कुणाच्या कपाळी बसेल, हे वेगळं सांगायला नको.

लॅबवाली:
शिबिरात बहुधा सॉल्युबिलिटी टेस्ट होते. नळीतल्या द्रावणात रक्त टाकायचं आणि मागे रेघांचा कागद धरायचा. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या की पॉझिटिव्ह. पण एएस असो वा एसएस, गढूळ होतंच! खरा फरक एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या तपासण्यांवर कळतो. नुसत्या पॉझिटिव्हच्या चिठ्ठीवर कुणी लग्न मोडत असेल तर त्याला आधी हे सांगा. सक्ती की ऐच्छिक हा वाद नंतर.

उल्हासनगरवाला:
आणि तपासणी फक्त पाड्यांवरच का? आमच्या सिंधी समाजात बीटा थॅलेसेमियाचे वाहक बरेच आहेत. एक सिकलचा वाहक आणि दुसरा थॅलेसेमियाचा असेल, तरी मुलाला दोन्ही मिळून गंभीर आजार होऊ शकतो. सॉल्युबिलिटी टेस्टमध्ये थॅलेसेमिया दिसतच नाही. मी सक्तीच्याच बाजूने आहे, पण मग घोडबंदर रोडच्या टॉवरवाल्यांनाही रांगेत उभं करा. एकट्या आदिवासींवर सक्ती म्हणजे अन्याय.

येऊरवासी:
सगळ्यांना, हे मान्य. जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेत चाळिशीपर्यंतच्या ७ कोटी लोकांच्या तपासणीचं लक्ष्य ठेवलं होतं. अकरावी-बारावीतच मुलगे-मुली दोघांची तपासणी करा, पक्का रिपोर्ट द्या, समजावून सांगा आणि कार्ड ज्याचं त्याच्या हाती द्या. त्यासाठी पाड्यापाड्यांवर फिरायची माझी तयारी आहे. लग्नाच्या कागदाला मात्र ते जोडू नका.

शहापूरकर:
आणि अकरावीपर्यंत जी पोरं शिकतच नाहीत, वीटभट्टीवर जातात, त्यांचं काय? माझे दाजी त्यातलेच. कुणी भाग पाडल्याशिवाय ते आपणहून तपासणीला कधीच गेले नसते.