मदत हवी आहे: स्विच २ जपानी घ्यावा की बहुभाषिक?

नमस्कार मंडळी, आम्ही तोक्योत निशी-कासाईला राहतो. ५ जून २०२५ला निन्टेन्डो स्विच २ हा व्हिडिओ गेम खेळायचा कन्सोल येतोय. लेक रोज सकाळी उठल्या उठल्या कॅलेंडरवर फुली मारते!

जवळच्या दुकानाच्या सोडतीत आमचा नंबर लागलाय, पण फक्त जपानी भाषा असलेल्या आवृत्तीसाठी. किंमत ४९,९८० येन. बहुभाषिक आवृत्ती ६९,९८० येनला, तीही निन्टेन्डोच्या स्वतःच्या ऑनलाइन दुकानातच. तिथल्या पहिल्या सोडतीला एकट्या जपानमधून २२ लाख अर्ज आले, आणि अर्जासाठी जुन्या स्विचवर ५० तास खेळलेलं असणं, वर्षभराची ऑनलाइन सदस्यता, अशा अटी होत्या.

लेकीला जपानी छान वाचता येतं. अडचण पुढची आहे. जपानी आवृत्तीला जपान हा देश निवडलेलंच निन्टेन्डो खातं जोडता येतं, आणि दोन वर्षांनी आम्ही पुण्याला परततोय. शिवाय मला कांजी (जपानी चित्राक्षरं) येत नाही, आणि मला तिच्याबरोबर खेळायचंय.

जपानी खातं घेऊन भारतात परतलेलं कुणी आहे का इथे? भारतातून त्या खात्यावर खेळ विकत घेताना पैसे कसे भरता? रविवारपर्यंत दुकानाला कळवायचंय, कृपया लवकर सांगा.