शब्दचर्चा : ‘निषिद्ध रेषा’, पण मनाई कुणाची?

परभणी : नववीला मृग नक्षत्रातल्या अभ्रिकेविषयी, म्हणजे वायू-धुळीच्या ढगाविषयी, सांगत होते. तिथल्या आयनीभूत (अणूंनी इलेक्ट्रॉन गमावलेल्या) वायूच्या वर्णपटातल्या कितीतरी अवरक्त (तांबड्यापलीकडच्या) रेषांना ‘निषिद्ध’ म्हणतात, असं म्हटल्यावर एक पोरगी उठली, “मॅडम, मनाई हाय तर दिसत्यात कशा?” मला पटेल असं उत्तर देता आलं नाही. दुसरा शब्द आहे का?

लातूर : ताई, पोरीनं नेमकं बोट ठेवलं. निषिद्ध म्हटलं की आपल्याला उपास-सोवळं आठवतं. इथे मनाई कुणाचीच नाही. उत्तेजित, म्हणजे जादा ऊर्जा मिळालेल्या, आयनाचा ती ऊर्जा प्रकाशरूपात टाकून खाली उतरायचा हमरस्ता बंद आहे, पायवाट उघडी आहे. हमरस्त्याला सेकंदाचा साधारण दहा कोटीवा भाग पुरतो. पायवाटेने निऑनच्या 12.8 मायक्रोमीटर रेषेला सरासरी 2 मिनिटं लागतात, ऑक्सिजनच्या 88 मायक्रोमीटर रेषेला तर 10 तास. आपल्या हवेत घनसेंटिमीटरमागे रेणू 1 वर 19 शून्यांपेक्षा जास्त. तेवढ्या वेळात धक्क्यांवर धक्के बसतात आणि ऊर्जा धक्क्यातच जाते. मृगाच्या अभ्रिकेत तेवढ्याच जागेत काही हजार कण. तिथे आयनाला उसंत मिळते. मी वर्गात ‘उसंतीची रेषा’ म्हणेन.

अंबाजोगाई : ‘उसंत’ फार आवडला. तरी ‘निषिद्ध’ टाकू नका, निषेध निवड-नियमाचा आहे, म्हणजे अणूने कुठल्या पायरीवरून कुठल्या पायरीवर सहज उतरावं ते सांगणाऱ्या नियमाचा. शिवाय त्या शब्दामागे इतिहास आहे. 1864 मध्ये खगोलशास्त्रज्ञ हगिन्स यांना एका अभ्रिकेत दिसलेल्या हिरव्या रेषा कुठल्याच माहीत मूलद्रव्याशी जुळेनात, म्हणून नवंच मूलद्रव्य मानलं गेलं, ‘नेब्युलियम’. 1927 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ बोवेन यांनी दाखवलं, दोन इलेक्ट्रॉन गमावलेला आपला ऑक्सिजनच तो, आणि त्या रेषा अशाच निषिद्ध.

परभणी : सर, ‘उसंत’ने घनतेचा धडाही सोपा झाला! आयनीभूत गंधकाच्या दोन रेषा घेतल्या, 18.7 आणि 33.5 मायक्रोमीटर. दुसरीला उसंत जास्त लागते, म्हणून गर्दी वाढली की तीच आधी मागे पडते. दोघींच्या तेजाच्या गुणोत्तरावरून घनता कळते. दोन्ही एकाच आयनाच्या, त्यामुळे गंधक किती आहे हे माहीत नसलं तरी चालतं. दृश्य प्रकाश अडवणारी धूळही अवरक्ताला फारशी अडवत नाही.

त्यावर तीच पोरगी, “अवरक्त म्हंजे कुणाचं रगत?” म्हटलं, बाई, हे रक्तचंदनातलं ‘रक्त’, म्हणजे तांबडं. ‘अव’ म्हणजे खालचं. वारंवारता तांबड्याहून कमी. तरंगलांबी मात्र जास्त, तिथे पुन्हा सगळा वर्ग अडला. येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावास्येच्या, अंधाऱ्या रात्री शेतात थांबून बाणाच्या तीन ताऱ्यांखालचा तो धूसर ठिपका दाखवायचं ठरलंय.