घाटात रेंज नसताना बाण बरोबर, बाजारात रेंज असून चुकला. असं का?

सुदामानगरची नलिनी
परवा आईला ओंकारेश्वरला नेलं. सिमरोलच्या पुढे घाटात फोनची रेंज पार गेली, तरी नकाशावरचा बाण प्रत्येक वळणाला गाडीबरोबर वळत होता. काल शीतलामाता बाजारात पूर्ण रेंज, आणि बाण कधी शेजारच्या गल्लीत तर कधी एखाद्या दुकानात! आई म्हणाली, उपग्रहाला गर्दीत आपण दिसत नसू. खरं काय आहे?

ट्रॅकरवाले काका
ताई, मी बारा वर्षं ट्रकांना ट्रॅकर बसवतोय. हाच प्रश्न गाडीमालकही विचारतात. जागा दाखवणारा हा जीपीएसचा उपग्रह कुणालाच बघत नाही. सुमारे 20,200 किमीवरून तो फक्त सांगत राहतो की मी अमुक ठिकाणी आहे आणि आत्ता इतके वाजलेत. फोन नुसता ऐकतो. संदेश पोचायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतो. आता, फोनचं घड्याळ उपग्रहातल्या अणुघड्याळाइतकं पक्कं नसतं, आणि सेकंदाचा दहा लाखावा भाग चुकला तरी अंतरात 300 मीटरचा फरक पडतो. म्हणून तीन उपग्रहांवर भागत नाही. चौथा मिळाला की घड्याळाची चूकही हिशेबात निघते.

रेंज टॉवरची, ती नकाशा आणायला. तुमचा रस्ता निघतानाच फोनमध्ये उतरला होता आणि घाटात वर आभाळ मोकळं होतं. बाजारात दोन्ही बाजूंना उंच घरं. संदेश भिंतीवर आपटून येतो, त्याची वाट लांबते आणि फोन तेच अंतर खरं धरतो.

म्हणूनच ट्रॅकर मी कधी पत्र्याखाली बसवत नाही, काचेजवळ प्लास्टिकखालीच. त्यातलं सिम मालकाला जागा कळवण्यापुरतं.

महूकर
बोगद्यात तर आभाळच नाही. काही गाड्यांमध्ये कंपनीचीच यंत्रणा असते, ती चाकाचे फेरे आणि गाडीचं वळणं मोजून तेवढा वेळ निभावते.

सुदामानगरची नलिनी
काका, आज फोन एअरप्लेन मोडवर टाकून बघितलं. बाण आला, पण मिनिटभरानं.

ट्रॅकरवाले काका
बरोबर आहे. प्रत्येक उपग्रह आपल्या कक्षेची माहिती 30 सेकंदांच्या फेरीत पाठवतो, ती पूर्ण ऐकावी लागते. नेट असलं की ती फोनला आयती मिळते. पुढच्या वेळी घाटात फोन बंद पडलाच, तर चालू करून मोकळ्या जागी गाडी जरा थांबवा.