सरावात ५६०, मॅचला ५३५: १० मीटर एअर पिस्तूल, वय १४

पिस्तूलपालक
लेक सरावात साठ शॉट्सना ६००पैकी ५६०च्या आसपास मारते, मॅचला ५३५. वाईट शॉट बहुतेक डावीकडे खाली. ७५ मिनिटांची मॅच ४५ मिनिटांत उरकते. धडधडीवर गोळी मिळते म्हणे, द्यावी का?

रेंजकर
आधी घड्याळ बघा. एका शॉटला सव्वा मिनिट मिळतं, ती पाऊण मिनिटात उडवते. उजव्या हाताने मारत असेल तर डावीकडे खाली म्हणजे ट्रिगर झटकला जातोय, नेमात खोट नाही. होतं असं की हात थरथरतो म्हणून ती नेम धरून ठेवते. दहा-बारा सेकंदांनी दम संपतो, पुढची साइट (नळीच्या टोकाची नेम धरायची खूण) पुसट होते आणि दहा, म्हणजे टार्गेटचा मधोमध भाग, दिसला रे दिसला की बोट ओढलं जातं.
आठ सेकंदांत शॉट सुटला नाही तर हात खाली. मॅचमध्ये हे आयत्या वेळी सुचत नाही, म्हणून सरावात दर दहा शॉट्समागे दोनदा मुद्दाम अर्ध्यातून हात खाली आणायला लावा, शॉट छान जमत असला तरी. शिवाय रोज कोऱ्या भिंतीवर वीस-पंचवीस ड्राय फायर (छर्रा न भरता ट्रिगर दाबणं): टार्गेटच नाही, तर दहाचा मोह कसला?
थरथर जगातल्या सगळ्यांची होते. ती थांबायची वाट बघणं हाच घोळ.

डॉ_नेमबाजी
गोळी अजिबात नको. प्रोप्रानोलॉलसारखे बीटा ब्लॉकर (धडधड कमी करणारी औषधं) नेमबाजीत वाडाने, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने, बंद केलेत, स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेरही. दमा असेल तर जिवावर बेतू शकतं. त्यापेक्षा रेंजवर जाण्याआधी पाच मिनिटं चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. मॅचच्या दिवशी चहा-कॉफी रोजच्याइतकीच. आठवडेच्या आठवडे झोप उडाली, जेवण तुटलं किंवा सरावालाही उलट्या होऊ लागल्या, तर मात्र मानसोपचारतज्ज्ञ गाठा.

मागचीखुर्ची
आणि तुम्ही स्कोअरच्या स्क्रीनखाली उभं राहू नका हो. आठ लागल्यावरचं ‘अरेरे’ फायरिंग लाइनपर्यंत पोचतं. लाइनवर कोचला बोलून सूचना देता येत नाहीत. पण पिस्तूल रिकामं करून, सेफ्टी फ्लॅग (ते रिकामं असल्याची खूण) लावून, परवानगीने मागे येऊन ती कोचशी बोलू शकते. वेळ वाढवून मिळत नाही, पण तिच्याकडे अर्धा तास उरतोच आहे! बऱ्याच मुलांना हा नियम माहीतच नसतो.

पिस्तूलपालक
आठ सेकंद कुठून मोजायचे?

रेंजकर
पिस्तूल वरून उतरून नेमाच्या जागी थांबलं, तिथून. उचलल्यापासून मोजलेत तर ती आणखी घाई करेल.