प्रतिस्पर्धी गटांनी कच्चा डेटा निकालाआधी एकत्र करावा का?

ध्रुवीकरण: करावाच. मार्च 2014 मध्ये दक्षिण ध्रुवावरच्या बायसेप-2 गटाने विश्वाच्या आरंभकाळातल्या गुरुत्वीय लहरींची खूण सापडल्याचं जाहीर केलं. त्यांची मोजणी फक्त 150 गिगाहर्ट्‌झवर होती. एकाच वारंवारतेवर मूळ संकेत आणि आकाशगंगेतल्या धुळीचं ध्रुवीकरण (तिच्याकडून येणाऱ्या लहरींच्या कंपनाची ठरावीक दिशा) वेगळं काढता येत नाही. धूळ उठून दिसते 353 गिगाहर्ट्‌झवर, आणि तो नकाशा होता प्लांक उपग्रहाच्या गटाकडे. 2015 च्या सुरुवातीला दोघांनी डेटा जोडला आणि दावा कोसळला. हे घोषणेआधी व्हायला हवं होतं.

दोन_साक्षी: असहमत. डेटा आधीच मिसळलात की पडताळणी करणार कोण? सर्न या युरोपीय कणभौतिकी प्रयोगशाळेत ॲटलास आणि सीएमएस हे दोन प्रयोग मुद्दाम वेगळे ठेवले आहेत. चुंबकांची रचना वेगळी, विश्लेषण वेगळं. 4 जुलै 2012 ला दोघांनाही हिग्ज हा मूलकण 125-126 जीईव्ही वस्तुमानाच्या आसपास दिसला, म्हणून तर विश्वास बसला! वस्तुमानाचा संयुक्त निबंध 2015 मध्ये आला, 5,154 लेखकांचा. आधी वेगळं, मग एकत्र, हाच क्रम बरोबर.

ध्रुवीकरण: ॲटलास आणि सीएमएस दोघेही तीच गोष्ट पूर्णपणे मोजू शकतात. बायसेपला ते शक्यच नव्हतं, कारण त्यांच्या मोजणीची दुरुस्ती दुसऱ्याच्या हातात होती. तिथे वेगळं राहणं म्हणजे अर्धवट मोजणं.

खोडदकर: इथे पल्सारचं, म्हणजे ठरावीक ठेक्यात रेडिओ स्पंद पाठवणाऱ्या ताऱ्यांचं, उदाहरण बघा. त्यांच्या स्पंदांच्या वेळांवरून अतिशय संथ गुरुत्वीय लहरी शोधतात. वाटेतल्या इलेक्ट्रॉनांमुळे स्पंद उशिरा पोचतो, आणि हा उशीर वारंवारतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. 1400 मेगाहर्ट्‌झपेक्षा 400 वर तो सुमारे 12 पट. म्हणून पुण्याजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीची 300-500 मेगाहर्ट्‌झची मोजणी दुरुस्तीला मोलाची. 2023 मध्ये भारत-जपान गटाचे 10 पल्सार युरोपच्या सुमारे 25 वर्षांच्या डेटात जोडले गेले.
पण जोडणी नाजूक असते. प्रत्येक दुर्बिणीच्या इलेक्ट्रॉनिक्समुळे वेळेत ठरावीक फरक पडतो, त्याला ‘जंप’ म्हणतात. यंत्रणा बदलली की नवा जंप. जुनी आणि नवी यंत्रणा काही काळ एकत्र चालवली नाही, तर हा जंप वर्षानुवर्षांच्या संथ लहरीचाच काही भाग गिळतो. त्यामुळे नुसत्या वेळांचे आकडे देऊन भागत नाही. कोणती यंत्रणा कधी बदलली, घड्याळाची दुरुस्ती कोणती लावली, ही नोंद सोबत हवीच.

दोन_साक्षी: नोंदीचं पूर्ण मान्य. पण अशा संथ लहरींचा पुरावा जाहीर झाला त्याच वेळी, जून 2023 मध्ये, अमेरिकी, ऑस्ट्रेलियन आणि चिनी गटांनी आपापलं विश्लेषण स्वतंत्रपणे मांडलं. कुणीही 5 सिग्मापर्यंत, म्हणजे शोध पक्का मानण्याच्या पातळीपर्यंत, पोचलं नाही, आणि पुरावा कुणाचा भक्कम, कुणाचा कच्चा. सगळं आधीच एका भांड्यात घातलं असतं तर ही तफावत दिसलीच नसती.

ध्रुवीकरण: मग करारात दोन्ही घाला. दुरुस्तीला लागणारा डेटा पहिल्या दिवसापासून खुला, शोधाचा संकेत मात्र प्रत्येकाने विश्लेषणाचा कोड गोठवल्यावरच उघडायचा.

दोन_साक्षी: कोड गोठवण्याची तारीख आणि लेखकांच्या नावांचा नियम आधीच लेखी ठरणार असेल, तर माझा विरोध नाही. बायसेपचा डेटा मात्र मी तरीही आधी स्वतंत्रपणेच तपासला असता.