तंबूत तपासणीचं टेबलही ठेवा

हॅमव्हेन्शन या हौशी रेडिओवाल्यांच्या अमेरिकेतल्या मेळाव्यात जुन्या सामानाचा बाजार भरतो. तिथे रेडिओ क्लबचा तंबू म्हणजे निव्वळ खुर्च्या आणि कॉफी, असं कुणीतरी म्हटलंय. अर्धंच पटलं. ओहायोतल्या झीनियाला हा बाजार उघड्यावर भरतो. २०१७ साली, तिथल्या पहिल्याच वर्षी, पावसाने नुसता चिखल केला होता. तेव्हा कोरडी खुर्चीसुद्धा चैनच!

पण तंबूत १३.८ व्होल्टचा पॉवर सप्लाय, वॉटमीटर (सेटमधून किती वॅट बाहेर पडतात ते दाखवणारा) आणि डमी लोड (अँटेनाऐवजी जोडायचा, ती शक्ती उष्णतेत जिरवणारा रोध) ठेवा, मग गर्दी बघा. घेतलेला रेडिओ सेट लगेच तपासता येतो, विकणारा अजून जागेवर असतानाच. डमी लोड मात्र ५० ओहमचा, पुरेशा वॅटचा हवा. १०० वॅटच्या सेटचं प्रक्षेपणाचं बटण दाबून धरलं की लहानसा लोड बघता बघता जळतो. आणि क्लबच्या कॉलसाइनचा (रेडिओवरच्या ओळखीच्या अक्षर-अंकांचा) झेंडा उंच लावा हो, गर्दीत तंबू सापडतच नाही.